कूलर बंद करा, मग ऐका

पाडव्याची साखरेची गाठी पोरांच्या गळ्यातून उतरते न उतरते तोच आमच्या जळगावात कूलर माळ्यावरून उतरतात. वर्षभर जुन्या साडीत गुंडाळून ठेवलेली ती पत्र्याची धुडं गच्चीवर येतात, त्यांच्या पोटातून चिमण्यांची घरटी निघतात, बोळाबोळांत नव्या गवताचे भारे घेऊन माणसं हिंडायला लागतात. मग कुणीतरी पहिल्यांदा पाणी सोडतं. ओल्या गवताचा तो थंड, मातकट वास गल्लीत पसरला की लोक म्हणतात, हाऽऽ, आता जरा बरं वाटलं. मला मात्र त्या वासानं माणसं आठवतात. खरं म्हणजे एकच माणूस आठवतो आणि त्याचं वाईट व्हावं असं मनापासून वाटतं.

हे असं लिहू नये म्हणतात. वय झालं की माणसानं माफ करायला शिकावं, असंही म्हणतात. आमच्या घरी तर हे वाक्य दर उन्हाळ्यात एकदा ठरलेलं असतं. आमचे हे कूलरच्या टाकीत पाइप सोडता सोडता म्हणतात, "सोड गं आता. किती वर्षं झाली." ह्यांचं बरं आहे. ह्यांच्या वडिलांना चारचौघांत कुणी चोर म्हटलेलं नाही.

माझा धंदा जुन्या पायपेट्यांचा. पायपेटी म्हणजे पायानं भाता मारून वाजवायची मोठी पेटी, संगीत नाटकांत रंगमंचाच्या पुढ्यात असायची ती. खानदेशात एकेकाळी नाटकाच्या वेडानं कर्ज काढणारे लोक होते, त्यामुळे जुन्या घरांत, भजनी मंडळांत, बंद पडलेल्या क्लबांत ह्या पेट्या अजून निघतात. मी त्या शोधते, विकत घेते, उघडते, बऱ्या करते आणि ज्याला त्यांची किंमत कळते त्याला विकते. किंमत कळणारे थोडे. बाकीच्यांच्या तऱ्हा ऐका. मुक्ताईनगरला एकानं तिच्यावर टीव्ही ठेवला होता आणि आतल्या पोकळीत पोरांचे बूट. एका हॉटेलवाल्याला नुसता सांगाडा हवा होता, त्यात त्याला हात धुवायचं भांडं बसवायचं होतं. मी त्याला म्हटलं, आधी तुमच्या आजोबांच्या तसबिरीतून फोटो काढा आणि भांडं त्या चौकटीत बसवा, छान दिसेल. तो पुन्हा आला नाही.

गिऱ्हाईक आलं की मी पहिल्यांदा विचारते, कूलर कुठे आहे घरात? लोकांना वाटतं, बाईला उकडतंय. मी सरळ सांगते, कूलरच्या वाऱ्यात ठेवणार असाल तर पेटी देणार नाही. काहीजण हसतात, काहीजण उठून जातात. जाऊ देत.

हा धंदा माझा नव्हे, भाऊंचा. भाऊ म्हणजे माझे वडील. धुळ्यात त्यांना सगळे पेटीवाले भाऊ म्हणत. आमचं घर एका खोलीचं आणि पुढे पत्र्याची ओसरी. ओसरीत कायम एखादी पेटी पोट उघडून पडलेली. सरसाचा वास, चामड्याचा वास, आणि डांबरगोळ्यांचा. पेटीच्या आत पितळेच्या पात्यांच्या ओळी असतात, प्रत्येकीला एक बारीक जीभ. हवा गेली की ती थरथरते आणि आवाज निघतो. ह्या पात्यांनाच आम्ही सूर म्हणतो. भाऊ एकेक सूर काढून मऊ फडक्यावर ठेवायचे, ओळीनं. मी ओळीवरून नुसता हात फिरवला तरी ओरडायचे. सुराची जीभ टोकाशी घासली की आवाज चढतो, बुडाशी घासली की उतरतो, एवढं मला शाळेत पाढे यायच्या आधी येत होतं. जुन्या परदेशी पेट्यांतले सूर म्हणजे त्या पेटीचा जीव. तसं पितळ आता मिळत नाही, तशी घडणही नाही. पेटी विकत घेणारा शहाणा माणूस लाकडाकडे बघत नाही, आधी सूर बघतो. आणि पेटी दुरुस्त करणाऱ्यावर जो सगळ्यात वाईट आळ येऊ शकतो तोही हाच, की ह्यानं आतले सूर काढून घेतले आणि हलके घातले.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी आबांचं घर होतं. आबा म्हणजे धुळ्यातलं बडं प्रस्थ. वकिली जोरात, नाटकाचा षोक, ओट्यावर सतत माणसं. त्यांच्याकडे त्यांच्या वडिलांच्या नाटक मंडळीतली एक पायपेटी होती. तशी पेटी मी आजतागायत दुसरी पाहिलेली नाही. खालच्या सुरांना असा भरीव, गोड आवाज, की गाणाऱ्यानं नुसता षड्ज लावून बसावं. एका हिवाळ्यात आबांनी ती दुरुस्तीला भाऊंकडे दिली. हिवाळाभर ती आमच्या ओसरीत होती. बाहेर भरताची वांगी भाजल्याचा धूर आणि आत भाऊ तिच्यावर वाकलेले. आई म्हणायची, सवत आणली घरात. काम पुरं झाल्यावर भाऊंनी ती वाजवली तेव्हा समोरच्या घरातली माणसं जेवणावरून उठून ओसरीशी येऊन उभी राहिली होती. आबांनी तेव्हा भाऊंच्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, "भाऊ, हात सोन्याचा आहे तुझा." हे ते म्हणाले होते. मी शेजारी उभी होते.

त्याच वर्षी आबांनी गल्लीतला पहिला कूलर आणला.

धुळ्याचा उन्हाळा ज्यानं काढलाय त्याला त्या कूलरचं कौतुक कळेल. भिंतींना हात लावला तर चटका बसावा, माठातलं पाणीही कोमट लागावं, असले दिवस. अशात आबांच्या बैठकीच्या खिडकीत ते निळं धूड बसलं. वाळ्याचा पडदा, पाण्याची टिपटिप आणि अंगावर गारेगार ओला वारा. गल्लीतल्या बायका काहीतरी निमित्त काढून जायच्या आणि कूलरपुढे दोन मिनिटं उभ्या राहून यायच्या. मीही गेले होते. पेटी बरोबर त्या खिडकीखाली ठेवलेली होती. वाजवणाऱ्याला आणि गाणाऱ्याला घाम येऊ नये, हा आबांचा विचार. पेटीवर हात ठेवला तर लाकूड गार लागलं. मला तेव्हा तिचा हेवा वाटला होता.

मग आखाजी आली. अक्षय्य तृतीया बाकीच्या महाराष्ट्रात सोनं घेण्याचा दिवस असेल, आमच्याकडे ती दिवाळीहून मोठी. सासुरवाशिणी माहेरी आलेल्या, लिंबाला झोके बांधलेले, खापरावरच्या पुरणपोळ्या नि आमरस, आणि पुरुषमंडळी ओट्या-ओट्यावर पत्ते कुटत बसलेली. त्या दिवशी पत्ते खेळले तर बायकोसुद्धा बोलत नाही. त्याच दिवशी पितरांची घागर भरायची. मातीची नवी घागर, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, नि आंबे, आणि गेलेल्यांच्या नावानं पाणी. एकीकडे झोक्यावरची गाणी आणि एकीकडे मेलेल्यांची आठवण, असा हा सण.

आबांकडे आखाजीला दिवस कलला की पेटी बाहेर आणून ओट्यावर गाण्याची बैठक असे. त्या वर्षी त्यांचे नवे व्याही नाशिकहून आले होते. आबांनी त्यांना पेटीबद्दल भरपूर सांगून ठेवलेलं. भाऊंना मानानं जेवायला बोलावलं होतं, मीही बरोबर होते. भाऊंच्या हातात आमरसाची वाटी होती. वाजवणारा बसला, त्यानं भाता मारला, पट्टी दाबली. आणि पेटीतून जो आवाज आला तो ऐकून मला वाटलं, ही दुसरीच पेटी आहे. घोगरा, फाटका, चिरका. काही पट्ट्या दाबल्या की वर येईनात. खालचे सूर तर उतरलेलेच होते. कुणीतरी विनोद केला, "आबा, पेटीला सर्दी झाली वाटतं." सगळे हसले. व्याहीसुद्धा हसले.

आबांचा चेहरा मला अजून दिसतो. व्याह्यांपुढे नाक कापलं गेलं होतं आणि ते कुणाच्या तरी माथी मारायलाच हवं होतं. ते भाऊंकडे वळले आणि सगळ्या ओट्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सूर बदललेत ह्यानं. पोटातलं सोनं काढून घेतलं आणि पत्रा भरला. चार महिने उगाच नव्हती ठेवून घेतली."

भाऊंनी वाटी खाली ठेवली. "आबा, उघडून बघा. तेच सूर शेत, तेच आहेत," एवढंच म्हणाले. पेटीकडे जायला लागले तर आबा आडवे आले. "हात लावायचा नाही. अजून काय काढायचंय?" कुणीतरी पत्ते पिसत होतं, ते थांबलं. मग कुणीच काही बोललं नाही. आणि ते कुणीच काही न बोलणं मी कुणालाही माफ केलेलं नाही. गल्लीतल्या निम्म्या लोकांच्या घरच्या पेट्या भाऊंनी फुकट नीट करून दिलेल्या होत्या.

आम्ही घरी आलो. झोक्यावर पोरी गात होत्या, त्यांच्या मधून वाट काढत आलो.

पुढचं काय सांगायचं? धुळं लहान. बातमी आमच्या आधी बाजारात पोचली होती. भजनी मंडळांनी आपल्या पेट्या परत नेल्या, काहींनी तर काम अर्धवट असताना. भाऊंना भांडता येत नव्हतं. पण भांडता न येण्यापेक्षा वाईट गोष्ट पुढेच होती. त्यांना स्वतःचाच संशय यायला लागला. हिवाळ्यात आपण ऐकलं ते काय होतं आणि आखाजीला वाजलं ते काय, ह्याचा मेळ त्यांना लागेना. ओसरीत बसून हातातली कानस नुसती फिरवत राहायचे आणि आईला विचारायचे, "मन्हं काय चुकनं?" आई भाकरी थापता थापता म्हणायची, "तुम्हनं काही नही चुकनं. देव देखस बठ्ठं." देव बघत असेल, पण बघण्यापलीकडे त्यानं काही केल्याचं मला आठवत नाही.

भाऊंनी आमरस पुन्हा कधी खाल्ला नाही. आई करायची, ते वाटी बाजूला सारायचे. माझं लग्न होऊन मी जळगावला आले, त्यानंतर काही वर्षांनी भाऊ गेले. शेवटच्या आजारपणात एकदा माझा हात धरून म्हणाले, "माय, त्या पेटीना आवाज का बरं गया व्हई?"

उत्तर मला चोपड्यात सापडलं, तेही भाऊंना जाऊन बरीच वर्षं झाल्यावर.

तोवर भाऊंची हत्यारं मी जळगावला आणली होती आणि लोक हसत असतानाही धंदा सुरू केला होता. बाई पेट्या दुरुस्त करते म्हणून काहीजण नुसते बघायला यायचे. चोपड्यात केळीवाल्या पाटलांकडे मी एक पेटी विकली होती. हिवाळ्यात माझ्या हातानं तिचे सगळे सूर साफ केले होते. वैशाखात त्यांचा निरोप आला, पेटी बिघडली. मी गेले. वाजवून पाहिली. तोच आवाज. घोगरा, फाटका, चिरका. खालचे सूर उतरलेले, पट्ट्या चिकटलेल्या. एक क्षण मलाही वाटलं की कुणीतरी सूर बदलले.

पाटीलकाकू म्हणाल्या, "ताई, आम्ही हिला एवढं जपतो! कूलरच्या पुढून हलवतच नाही. आपल्याला होतं तसं तिलाही गरम होत असेल ना."

मी वळून पाहिलं. खिडकीत कूलर, कूलरच्या तोंडाशी पेटी. गवतावर बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर चढलेला. मी पेटी उघडली. लाकूड पाणी पिऊन फुगलेलं. आणि सुरांच्या जिभांवर तोच पांढरा थर, त्याखाली हिरवट पुटं. सूर माझेच होते. मी फडकं ओलं करून एक साफ केला, वाळू दिला, बसवला. तो आपल्या जुन्या आवाजात बोलला.

पाटीलकाकूंच्या बैठकीत मी मोठ्यानं रडले. त्या बिचाऱ्या घाबरून लिंबू सरबत घेऊन आल्या. त्यांना वाटलं, पेटी गेली. मी रडत होते ती भाऊंसाठी, आणि रडून झाल्यावर माझ्या अंगात जे शिरलं ते अजून गेलेलं नाही. त्या ओट्यावर हसत हसत कुणीतरी म्हणालं होतं, पेटीला सर्दी झाली. झालीच होती. आबांच्या त्या कौतुकाच्या कूलरनं झाली होती. आणि चोर ठरले माझे भाऊ.

तेव्हापासून मी वाट बघत होते. सुडाला घाई चालत नाही. लाकूड जसं सावलीत हळूहळू वाळवावं लागतं तसंच ते काम आहे, उन्हात ठेवलं की तडकतं.

काही वर्षांपूर्वी फोन आला. धुळ्याहून शैलावहिनी बोलत होत्या, आबांच्या सूनबाई. घराचं काम काढलंय, एक जुनी पेटी आहे, तुम्ही घेता असं कळलं. मी सासरच्या नावानं ओळखली जाते, त्यांना मी कोण ते माहीत नव्हतं. मी गेले. आबा तेव्हाच थकलेले होते, खुर्चीत बसून असायचे, पण आवाज तसाच. पेटी कोपऱ्यात जाड कापडाखाली होती. मला म्हणाले, "बाई, हिच्यात काही राम नाही. सूर चोरीला गेलेत हिचे. लाकडाच्या भावात घेऊन जा."

मी म्हटलं, "लाकडाच्याच भावात घेते, आबा." आणि तसंच केलं. त्यांच्याच शब्दाप्रमाणे.

जळगावला आणून मी ती उघडली. दारं लावून घेतली होती. फडक्यावर एकेक सूर काढून ठेवला, ओळीनं. सगळे तेच. खालच्या सुरांच्या पाठीवर भाऊंच्या कानशीच्या त्या तिरक्या खुणा, ज्या मी दुरून ओळखेन. पांढऱ्या थराखाली सगळं सोनं जागच्या जागी होतं. मी हिवाळाभर ते काम केलं, भाऊंनी केलं होतं तसंच. पेटी बोलायला लागली. पण मी ती विकली नाही. मी वैशाखाची वाट पाहिली.

ऐन वैशाखात, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं अशा दुपारी, पेटी टेम्पोत घालून मी धुळ्याला आबांच्या दारात उतरले. शैलावहिनींना म्हटलं, पुढे एका ठिकाणी दाखवायला नेतेय, वाटेत तुम्हाला ऐकवून जाते. त्यांना आनंद झाला. हमालांनी पेटी बैठकीत ठेवली. खिडकीत आता नवा, मोठा कूलर होता, जोरात चाललेला. मी म्हटलं, "वहिनी, कूलर बंद करा. मग ऐका."

कूलर बंद झाला. धुळ्यातली वैशाखातली दुपार आणि कूलर बंद. दोन मिनिटांत भिंती तापल्या. मी सावकाश बसले, सावकाश भाता भरला आणि खालचा षड्ज धरला.

आबांची मान वर झाली. त्यांच्या वडिलांच्या नाटक मंडळीतला आवाज होता तो, त्यांनी पाळण्यात ऐकलेला. मी घाई केली नाही. एकेक सूर मोकळा केला, लांबवला. आबांच्या कपाळावरून घाम ओघळत होता, सदरा छातीला चिकटला होता. वहिनी कूलरच्या बटणाकडे गेल्या तशी मी म्हटलं, "आत्ता नको. अजून आहे." खरं सांगते, त्या घामाचा मला आनंद झाला. तसा आनंद मला पोरांच्या निकालांनीही झालेला नाही.

मी थांबले तेव्हा आबांचे डोळे ओले होते. म्हणाले, "विकायची नाही ही. शैला, हिचे पैसे परत करून टाक. ही आमच्या घरची आहे."

मी उठले नाही. म्हटलं, "आबा, हिचे सूर तर चोरीला गेले होते ना? मग हा आवाज तुमच्या घरचा कसा?"

त्यांनी खुर्चीतून पुढे वाकून मला न्याहाळलं. मी म्हटलं, "मी पेटीवाल्या भाऊंची मुलगी. आतले सूर तेच आहेत. काढून दाखवू? तुम्ही एवढं म्हणा की भाऊंनी सूर काढले नव्हते. ते तोंडातून आलं की पेटी इथेच ठेवून जाते, एक रुपया नको."

एक वाक्य होतं. त्याच्या बदल्यात मी ती पेटी देणार होते, आणि ती द्यायची माझी किती तयारी नव्हती ते माझं मला माहीत. आबांनी ओठ मिटले. तोंड भिंतीकडे वळवलं. मग म्हणाले, "शैला, कूलर लाव."

पेटी मी परत नेली.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात शैलावहिनींचा फोन येतो. भिडस्त बाई. इकडचं तिकडचं बोलून झालं की हळूच विचारतात, "ताई, आबा विचारतात, पेटी विकली का?" मी सांगते, "त्यांना सांगा, अजून नाही." बस. तेवढंच. विचारत राहू देत. घ्यायला पुण्याहून माणसं येऊन गेली, मी हलवली नाही. आमच्या घरात ती ज्या खोलीत आहे तिथे कूलर नाही. वैशाखातसुद्धा मी त्या खोलीत घामानं निथळत बसून वाजवते आणि हे दाराशी येऊन म्हणतात, "शिक्षा आबांना देतेयस की स्वतःला?" मी म्हणते, दोघांना पुरेल एवढा उन्हाळा आहे आपल्याकडे.

ह्या वर्षी कूलर उतरले, वास सुटला आणि फोन आला. पण वहिनी म्हणाल्या, "ताई, आबांनाच बोलायचंय." आबा आता अंथरुणातच असतात. आवाज अगदी बारीक झालाय, आणि त्याच्या मागे कूलरची घरघर. म्हणाले, "बाई, एकदा ऐकव. फोनवरच ऐकव."

मी फोन पेटीवर ठेवला. भाता मारायला लागले. हवा भरली, पेटीच्या पोटातून तो मोठा श्वास येऊ लागला. बोट मात्र एकाही पट्टीवर ठेवलं नाही. नुसती हवा. बऱ्याच वेळानं आबा म्हणाले, "वाजव ना."

"वाजवतेच आहे, आबा. सूर नाहीत हिच्यात. तुम्हीच म्हणाला होतात."

फोनमधून नुसती कूलरची घरघर येत राहिली. मला वाटलं, ठेवला. मग लांबून ऐकू आलं, "शैला, तो कूलर बंद कर." घरघर हळूहळू मंदावत थांबली. त्या शांततेत आबा म्हणाले, "भाऊनं सूर काढले नव्हते."

मी भाता मारत होते, पाय थांबला.

ते पुढे बोलले, आणि तेच मला नवीन होतं. "त्याच दिवाळीत कूलर माळ्यावर गेला. थंडीत एक दिवस सहज पट्टी दाबली तर ती परत बोलायला लागली होती. अगदी पहिल्यासारखी नाही, पण तीच. मला तेव्हाच कळलं. मी वरून कापड टाकलं."

त्याच दिवाळीत. तेव्हा भाऊ आमच्या ओसरीत बसून आईला विचारत होते, माझं काय चुकलं. आबांचं घर गल्लीच्या तोंडाशी होतं. चालत यायचं म्हटलं तर पानाचा विडा संपला नसता. एक माणूस कापडाखाली उत्तर झाकून बसला होता आणि दुसरा त्या प्रश्नानं झिजून मेला. इतकी वर्षं मी ज्याला चूक समजून चिडत होते ती चूक नव्हतीच. मला वाटलं होतं, एवढं वाक्य ऐकलं की आतलं काहीतरी निवेल. उलट ते भडकलं.

"आता वाजव," आबा म्हणाले.

"असं नाही. खोलीत कोण आहे?"

"शैला."

"चोर तुम्ही ओट्यावर म्हणाला होतात. आखाजीला, सगळ्यांसमोर. हेही तिथेच म्हणायचं. मी पेटी घेऊन येते. आधी तुम्ही बोलायचं, मग मी वाजवीन."

आबांना धाप लागली होती. म्हणाले, "त्या दिवशी होते त्यांतलं आता उरलंय तरी कोण, बाई?"

"मी उरलेय," मी म्हटलं.

ते हो म्हणाले. वहिनींनी फोन घेतला, त्या रडत होत्या. मी त्यांना सांगितलं, खुर्ची ओट्यावर आणून ठेवा, गल्लीला बोलवा, पोरं असोत की म्हातारे, जे असतील ते. आणि एक कोरी घागर आणा. भाऊंना मुलगा नव्हता, म्हणून त्यांची घागर दर वर्षी मीच भरते. ह्या वर्षी भाऊंची घागर आबांच्या ओट्यावर भरायची आहे, आणि भाऊंच्या नावाचं पाणी आबांनी स्वतःच्या हातानं घालायचं आहे. शेजारी आमरसाची वाटी मी ठेवीन.

आखाजी आता जवळ आलीय. आणि गंमत बघा, रोज सकाळी धुळ्याला फोन करून मी आबांची तब्येत विचारते. जेवले का, झोपले का, डॉक्टर काय म्हणाले. आमचे हे म्हणतात, सख्ख्या सासऱ्याची एवढी चौकशी केली नव्हतीस. काल एरंडोलला एक पेटी बघायला गेले होते, तर वाट वाकडी करून पद्मालयाच्या गणपतीलाही जाऊन आले. आबांसाठी हात जोडण्याची वेळ आयुष्यात पहिल्यांदाच आली. म्हटलं, देवा, आखाजीपर्यंत त्यांना सुखरूप ठेव. श्वास नीट चालू दे, वाचा शाबूत ठेव. त्यानंतर काय करायचं ते तुझं तू बघ.